वाचविलेल्या रुपयाचे पुढे काय?

वर्धा स्थानकावर उतरून सेवाग्रामकडे जाणाऱ्या शाळांच्या सहलींचा एक ठरलेला क्रम असतो. आदिनिवास, बापूकुटी, प्रार्थनाभूमी आणि मग झाडाखाली बसून डबे. कुटीतील मोजक्या वस्तूंकडे बोट दाखवून शिक्षक सांगतात की, एवढ्यावर एवढा मोठा माणूस राहत होता. मुले क्षणभर गप्प होतात. हा धडा खोटा नाही. परंतु तो अर्धा आहे. साधेपणाने राहणाऱ्याच्या हाती जो पैसा उरतो त्याचे त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर कुटीत सापडत नाही. कारण कुटीत राहणाऱ्याने पैसा स्वतःजवळ ठेवलाच नव्हता. सहलीबरोबर आलेल्या शिक्षकाची स्थिती तशी नाही. त्याला पगार आहे, घराचे हप्ते आहेत, मुलीचे शिक्षण आहे आणि निवृत्तीनंतर काढावयाची वीस-पंचवीस वर्षे आहेत. त्याला धड्याचा उरलेला अर्धा भाग हवा आहे. आणि तो शोधण्यासाठी वर्धा जिल्हा सोडून जाण्याचे कारण नाही.

काटकसर ही केवळ खर्च न करण्याची सवय नव्हे. जो रुपया वाचला तो कोठे ठेवला, कोणाच्या हाती दिला आणि तेथे तो काय करतो, याची चौकशी केल्याशिवाय काटकसर पूर्ण होत नाही. आपल्याकडील पगारदार मध्यमवर्गाने पहिली गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या उत्तम साधली. दुसऱ्या गोष्टीबाबत मात्र तो कालपर्यंत उदासीन होता आणि आज एकाएकी उतावळा झाला आहे. उदासीनता आणि उतावळेपणा या दोहोंतही विचाराचा अभाव असतो.

आरशासमोरची दहा मिनिटे

साधेपणा हा गांधीजींचा जन्मजात गुण होता असा एक सोयीस्कर समज आहे. त्यांची आत्मकथा वेगळेच सांगते. लंडनला शिकावयास गेलेल्या या तरुणाने सभ्य गृहस्थ दिसण्यासाठी एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा पोशाख शिवविला, भावाकडून सोन्याची दुपदरी साखळी मागविली आणि रोज दहा मिनिटे आरशासमोर उभे राहून गळपट्टी व भांग नीट करण्यात घालविली. पुढे तो सावध झाला. पण सावध झाला तो उपदेशाने नव्हे, हिशेबाने. पै-पैचा खर्च रोज लिहून रात्री शिल्लक जुळविण्याची सवय त्याने लावून घेतली, खोली बदलली, बसगाडी सोडून पायी चालावयास सुरुवात केली आणि खर्च निम्म्यावर आणला. मदुराईला १९२१ च्या सप्टेंबरात त्यांनी पंचा स्वीकारला त्यामागे देशातील दारिद्र्याशी एकरूप होण्याची प्रेरणा होती. पण त्याच्या कितीतरी आधी ही हिशेबाची वही आली होती, हे विसरता कामा नये.

कारकून वा शिक्षक यांना पंचा नेसून कचेरीत जाता येत नाही, आणि तशी कोणी अपेक्षाही करीत नाही. स्वच्छ धुतलेले, नीट इस्त्री केलेले कपडे हा त्यांच्या कामाचा भाग आहे. विद्यार्थी गुरुजींच्या सदऱ्याकडे पाहतो आणि त्यावरून काही शिकतो, यात शंका नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी परिपत्रक काढले, तेव्हा त्यात शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना होती. त्या सूचनेचे पुढे काय झाले हे प्रत्येक कचेरीने आपापल्या मनाला विचारावे. मुद्दा असा की, नीटनेटकेपणा आणि मिरवणूक यांच्यात एक रेषा आहे, आणि ती रेषा किमतीने ठरत नाही, हेतूने ठरते. ज्या वस्तूने काम भागते ती गरज. जी वस्तू शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी घेतली जाते ती मिरवणूक. चालू असलेला फोन केवळ मागील वर्षीचा आहे म्हणून हप्त्यांवर नवा घेणारा विद्यार्थी, आणि भाचीच्या लग्नात उणे दिसू नये म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढणारा लिपिक, हे दोघेही दुसऱ्याच्या नजरेचे भाडे स्वतःच्या खिशातून भरीत असतात.

दागिना आणि त्यागपत्र

सेवाग्रामहून वर्ध्याला परतताना बजाजवाडी लागते. तेथे फार सहली थांबत नाहीत. ज्या माणसाच्या आग्रहाने गांधीजी वर्ध्याला आले, ज्याच्या जमिनीवर सेवाग्राम आश्रम उभा राहिला आणि ज्याला गांधीजींनी आपला पाचवा पुत्र मानले, ते जमनालाल बजाज व्यापारी होते. राजस्थानात सीकरजवळच्या खेड्यात १८८९ साली जन्मलेला हा मुलगा वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरी नातू म्हणून दत्तक आला. त्याच्या चरित्रात एक प्रसंग आहे. एका लग्नाला जाताना अंगावर दागिने घालण्याचा आग्रह आजोबांनी धरला, सतरा वर्षांच्या नातवाने तो मानला नाही. आजोबा संतापले, संपत्तीवरून बोलले. नातवाने त्या संपत्तीवरचा सर्व हक्क सोडल्याचे पत्र लिहून दिले आणि घर सोडले. पुढे आजोबांनी समजूत घातली, तो परतला. आणि बच्छराजांच्या मृत्यूनंतर ती संपत्ती त्याच्याकडेच आली. परंतु एकदा मनाने सोडलेले धन पुन्हा हाती आले तेव्हा ते आपले नसून आपल्याकडे ठेवावयास दिलेले आहे, ही भावना त्याने आयुष्यभर जपली. पत्नी जानकीदेवी यांनीही सोन्याचे दागिने उतरविले ते कायमचे. त्यांनी पडदा सोडला, खादी घेतली. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले ते दागिन्यांवाचूनच.

येथवरची कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र सांगितला जात नाही. दागिने उतरविणाऱ्या या माणसाने व्यापार सोडला नाही. ज्या उद्योगसमूहाची सुरुवात १९२६ साली झाल्याचे मानले जाते तो त्यानेच उभा केला. १९३१ साली उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना काढला. याच काळात तो काँग्रेसचा खजिनदार होता, तुरुंगात जात होता, आणि १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले करीत होता. १९४२ च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा गांधीजींनी लिहिले त्याचा आशय असा होता की, श्रीमंतांनी विश्वस्त व्हावे असे जेव्हा जेव्हा आपण म्हटले, तेव्हा डोळ्यांसमोर प्रामुख्याने हाच माणूस होता. अंगावर काही नाही आणि उद्योगात सर्व काही, हा त्या जीवनाचा आकृतिबंध होता. पुढे १९४५ साली स्थापन झालेल्या आणि आज बजाज ऑटो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे पहिले नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन असे होते. ज्या आजोबांनी दागिन्यांचा हट्ट धरला, त्यांचेच नाव एका कंपनीला लाभले.

दागिन्यांचा विषय येथे मुद्दाम घेतला आहे, कारण मिरवणूक आणि गुंतवणूक या दोघी एकमेकींचे कपडे घालून येतात त्या याच दुकानात. पाटल्या करावयाच्या असतात हौसेसाठी. घरात मात्र त्याला ‘पैसा गुंतविला’ असे म्हटले जाते. अलीकडच्या वर्षांत सोन्याचा भाव पुष्कळ चढला, तेव्हा सोने घेणारा मूर्ख ठरला नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अडीअडचणीला सोने तारण ठेवता येते आणि अनेक घरांत स्त्रीच्या मालकीची तेवढीच एक वस्तू असते, हेही खरे. पण दागिना घेताना घडणावळ द्यावी लागते, कर द्यावा लागतो, मोडताना घट सोसावी लागते, आणि बहुधा तो मोडलाच जात नाही. जो ऐवज विकण्याची मनाला मुभाच नाही, तो गुंतवणुकीच्या खात्यात मांडू नये. हौस हौसेच्या खात्यात लिहावी. तिच्याविषयी लाजण्याचे कारण नाही. वही मात्र खरी असावी.

गिरणीची गोष्ट

कंपनीत पैसा घालणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठीही मुंबईचा दलाल रस्ता गाठावा लागत नाही. वर्धा-हिंगणघाटचा कापूस ज्या वाटेने जाई त्या वाटेवर, नागपुरात, जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी स्थापून एक गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली आणि त्या दिवशीच्या राज्यारोहण-घोषणेवरून एम्प्रेस मिल असे तिचे नाव पडले. जागा दलदलीची होती. भांडवल मागावयास गेले असता, भर घालण्यात सोने मातीत जाईल असे सांगून एका स्थानिक सावकाराने नकार दिला. पुढे त्यानेच कबूल केले की, या माणसाने माती घातली आणि सोने काढले. ही आख्यायिका टाटांच्या चरित्रात येते आणि शेअर घेण्याची शिफारस करणारे ती आवडीने सांगतात.

त्यांनी ती पुरती सांगावी. गिरणी चालली ती नशिबाने नव्हे. कापूस जवळ, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे दाराशी, यंत्रे वेळोवेळी बदललेली आणि व्यवस्थापक कामाचा माणूस, अशी तिच्या यशाची कारणे मोजून दाखविता येतात. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी, अपघातभरपाई आणि १९०१ साली भविष्य निर्वाह निधी, या गोष्टी तिने कायद्याची वाट न पाहता केल्या. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की, हीच गिरणी १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. पुलगावच्या गिरणीचा भोंगाही कधीच थांबला. ज्या गावात माणूस जन्मला, ज्या भोंग्यावर त्याने घड्याळ लावले, ती कंपनीही अमर नसते. एका पिढीला सोने देणारी जागा दुसऱ्या पिढीला माती देऊ शकते. म्हणून सर्व पैसा एका ठिकाणी ठेवू नये आणि एकदा घेतलेल्या भागाकडे पुन्हा पाहावयाचेच नाही असेही करू नये.

दुसरे उदाहरण टाटांच्याच पोलाद कंपनीचे. १९०७ साली स्वदेशीच्या वातावरणात तिचे भांडवल विक्रीस निघाले तेव्हा सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते उचलले. त्याच सुमारास महाराष्ट्रात एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला होता आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. देशासाठी उद्योग, उद्योगासाठी भांडवल आणि भांडवलासाठी सामान्य माणसाची बचत, हा धागा त्या पिढीला स्पष्ट दिसत होता. परंतु पोलाद कंपनीच्या भागधारकांची वाट सोपी नव्हती. १९२४ साली पगार भागविण्याचीही भ्रांत पडली, तेव्हा दोराबजी टाटांनी आपली खासगी मालमत्ता आणि पत्नी मेहरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिरा बँकेकडे गहाण ठेवून कंपनी वाचविली. साध्या भागधारकांना पुढे अनेक वर्षे लाभांशाची वाट पाहावी लागली. या एका घटनेत भागधारकाने विचारावयाचे दोन प्रश्न सामावले आहेत. अडचण आली तर कंपनी चालविणारे स्वतःचे काय पणाला लावतील? आणि तोवर आपल्याला थांबता येईल काय?

उदासीनतेची किंमत, उतावळेपणाची किंमत

मध्यमवर्गाला हे प्रश्न पूर्वी पडत नसत, कारण पडण्याची गरज नव्हती. नोकरी लागली की निवृत्तिवेतन ठरलेले. शिल्लक टपाल कचेरीत वा बँकेत. शेअरबाजार म्हणजे सट्टा, हे घराघरांतले सूत्र होते आणि त्यात तथ्यही होते. परंतु ती व्यवस्था बदलली. १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन उरले नाही. २०२३ च्या मार्चमधील कर्मचाऱ्यांचा संप याच दुखण्याचा होता आणि नंतर शासनाने सुधारित पर्याय पुढे केले. संपाची मागणी न्याय्य होती की नव्हती, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील रकमेचा काही भाग कंपन्यांच्या भागांत गुंतविला जातो, आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधीही २०१५ पासून काही अंशी तेथे जातो. ‘आपण शेअरच्या वाटेला जात नाही’ असे अभिमानाने सांगणारा शिक्षकही त्यामुळे आज नकळत भागधारक झालेला असतो. ज्या गोष्टीत आपले म्हातारपण गुंतले आहे तिच्याविषयी अज्ञान बाळगणे हे सोज्ज्वळपणाचे लक्षण नव्हे.

नावावर विसंबणेही पुरेसे नाही. १९६४ साली निघालेली युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना ही शिक्षक-कारकुनांची लाडकी ठेव होती. सरकारी नाव, वर्षानुवर्षे चुकता न होणारा लाभांश. २००१ च्या जुलैत तिच्या युनिटांची पुनर्खरेदी एकाएकी थांबविण्यात आली तेव्हा कळले की, आत काय आहे हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. विश्वास हा चौकशीचा शेवट असावा. तो तिची सुटका नव्हे.

त्या उदासीनतेची किंमत एका पिढीने भरली. आजची पिढी दुसऱ्या टोकाची किंमत भरीत आहे. फोनवर खाते उघडणे काही मिनिटांचे काम झाले आणि हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या तरुणाच्या हाती मुंबईचा बाजार आला. ही सोय वाईट नाही. परंतु तिच्यातून सर्वांत आधी शिरले ते फ्युचर्स-ऑप्शन्स नावाचे वायदेव्यवहार. सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हा आकडा अर्थसंकल्पातील नव्हे. तो घराघरांतील भिंतीआडचा आहे. सदरा घेताना चार दुकाने फिरणारा, भाजी घेताना रुपयासाठी हुज्जत घालणारा माणूस, कोणा अनोळखी इसमाच्या फोनवरील सल्ल्यावर पन्नास हजार रुपये पाच मिनिटांत लावून मोकळा होतो. वर्षभर चप्पल शिवून वापरावी आणि तो वाचलेला पैसा एका दुपारी जुगारात घालावा, याला काटकसर म्हणत नाहीत.

विचारपूर्वक म्हणजे कसे?

सदरा घेताना जी बुद्धी वापरली जाते तीच येथे वापरावयाची असते. कापड उलटून पाहावे, शिवण ओढून पाहावी, लेबलाला भुलू नये. कंपनीचा वार्षिक अहवाल आज कोणासही विनामूल्य वाचता येतो, आणि ज्याला शाळेच्या सादिल खर्चाचा हिशेब कळतो त्याला त्यातील मुख्य गोष्टी कळण्यास हरकत नाही. कंपनी नेमके काय बनविते वा विकते? कर्ज किती, आणि ते दरवर्षी वाढते की घटते? कागदावर दिसणारा नफा रोख रकमेच्या रूपाने हाती येतो की नुसताच येणे बाकी राहतो? चालकांनी आपले स्वतःचे भाग गहाण टाकले आहेत काय? त्यांच्याच नातलगांच्या संस्थांशी कंपनीचे व्यवहार किती? हिशेबतपासनिसाने शेरा मारला असेल तर तो कोणता? या प्रश्नांची उत्तरे समजली नाहीत तर तो भाग घेऊ नये. न समजणे हे न घेण्याचे पुरेसे कारण आहे. ज्याला एवढा वेळ नाही त्याने म्युच्युअल फंडाचा मार्ग धरावा, पण तेथेही दरवर्षी किती शुल्क कापले जाते हे विचारावे.

आकड्यांचा भूलभुलैयाही ओळखला पाहिजे. दरमहा पाचशे रुपये तीस वर्षे बाजूला टाकले आणि वर्षाला दहा टक्के वाढ मिळाली असे धरले, तर हिशेबाने सुमारे ११ लाख ३० हजार रुपये होतात; प्रत्यक्षात घातलेले असतात १ लाख ८० हजार. जाहिरातींत एवढाच हिशेब असतो. परंतु याच तीस वर्षांत महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर त्या ११ लाखांत आजच्या दोन लाखांइतकीच वस्तू येईल. शिवाय दहा टक्क्यांची हमी कोणी दिलेली नाही. म्हणजे गुंतवणुकीने कोणी कुबेर होत नाही. फार तर म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. एवढे झाले तरी ते थोडे नव्हे.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ज्याच्याजवळ वाचतच नाही त्याने हे सारे का वाचावे? २०२३ पासून वाढविलेले शिक्षणसेवकाचे मानधन सोळा ते वीस हजारांच्या घरात आहे. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना आणि विनाअनुदानित शाळांतील अनेकांना तेवढेही वेळेवर मिळत नाही. त्यांना काटकसरीचा उपदेश करणे हा उद्धटपणा होईल. त्यांचा प्रश्न पगाराचा आहे आणि तो शासनाने सोडवावयाचा आहे. त्यांच्यापुरते सांगावयाचे ते इतकेच की, सावकाराचे वा हप्त्याचे कर्ज असेल तर ते फेडणे हीच सर्वांत चांगली गुंतवणूक. त्यानंतर सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत. आणि त्याआधी शेअरचे नावही काढू नये. बाजारात घालावयाचा पैसा तोच, जो पाच-सात वर्षे लागणार नाही.

वही आणि विवेक

शेवटचा प्रश्न वर्ध्याच्या मातीतला आहे आणि तो टाळता येणार नाही. कंपनी फायद्यात आहे, ताळेबंद स्वच्छ आहे, पण ती विकते काय? गोरेपणाच्या मलमाचे उदाहरण घ्यावे. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० साली काढून टाकण्यात आला; म्हणजे त्या शब्दात काही खटकण्याजोगे होते हे कळावयास पंचेचाळीस वर्षे लागली. सावळ्या मुलीला ‘तू आहेस तशी छान आहेस’ असे सांगणारा, घरात ते मलम येऊ न देणारा बाप, तेच मलम विकणाऱ्या कंपनीचा भागधारक असू शकतो. फंडातून घेतलेले असेल तर त्याला ठाऊकही नसते. तंबाखू आणि मद्य यांचेही तसेच. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण दारू गाळणाऱ्या कंपनीचे भाग घेण्यास जिल्ह्याची सीमा आड येत नाही.

याचे सोपे उत्तर नाही. सर्वस्वी निष्कलंक कंपनी शोधू जाणाऱ्याला बहुधा रिकाम्या हातांनी परतावे लागेल, आणि फंडात पैसा ठेवणाऱ्याला प्रत्येक कंपनी निवडता येत नाही. परंतु प्रश्न न विचारणे हेही उत्तर नव्हे. विश्वस्ताची कल्पना केवळ कोट्यधीशांसाठी होती असे मानण्याचे कारण नाही. पाच भाग असलेल्या कारकुनालाही मताचा अधिकार असतो, आता घरबसल्या मत नोंदविता येते, आणि चालकांच्या पगारापासून हिशेबतपासनिसाच्या नेमणुकीपर्यंतचे ठराव त्याच्यापुढे येतात. हे मत बहुतेक जण देतच नाहीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला रांगेत उभा राहणारा माणूस स्वतःच्या मालकीच्या कंपनीच्या कारभाराबाबत मात्र मौन पाळतो.

जमनालालांच्या चरित्रातून सामान्य पगारदाराने घ्यावयाचे ते त्यांचे वैभव नव्हे आणि त्यांचा त्यागही नव्हे. दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. घ्यावयाचा तो त्यांच्या आयुष्यातील क्रम. आधी अंगावरचा दागिना उतरला, मग संपत्तीकडे पाहण्याची दृष्टी आली आणि त्यानंतर व्यवसाय वाढला. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी झटपट पैसा आणि मग त्या पैशाची मिरवणूक, तर पैसा येतो तसा जातो आणि जाताना घराची शांतता घेऊन जातो. पुढच्या वेळी सहल सेवाग्रामहून परत निघेल तेव्हा गुरुजींनी बस दहा मिनिटे बजाजवाडीपाशी थांबवावी. तेथे राहणाऱ्या माणसाने दागिना का उतरविला, आणि तरीही कारखाना का काढला, हे दोन्ही प्रश्न मुलांना एकत्र विचारावेत. उत्तरे मुले देतील. त्याआधी गुरुजींनी ती स्वतःच्या हिशेबाच्या वहीत पाहून ठेवलेली बरी.